चाळीस हजारांची कंपनी आणि सहीची किल्ली



हल्ली गावोगावच्या बैठकांत भावाचा विषय संपला की एक प्रश्न हटकून निघतो. "कंपनी काढायचं ठरलं आहे. सीए किती घेईल?" कुणी वीस हजार ऐकलेले असतात, कुणी चाळीस. एका गावात आम्हाला साठ हजारांचा आकडा सांगण्यात आला आणि वर, "यात अनुदानाची फाईल धरली आहे," असे कौतुकानेही सांगण्यात आले. मग मंडळी आमच्या तोंडाकडे पाहतात. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेले, चार कागद वाचणारे. तेव्हा स्वस्तातला एखादा सीए आमच्या ओळखीचा असणारच, अशी त्यांची समजूत.

ओळखीचे आहेत. पण हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला आहे. हलक्या, बरड रानात एकशेऐंशी दिवसांचे कपाशीचे वाण लावणारा शेतकरी दुकानात थैलीच्या भावावरून हुज्जत घालतो. त्याला थैलीचा भाव बुडवत नाही. ऑक्टोबरात पाऊस जातो, जमिनीतली ओल संपते आणि ऐन बोंडे भरायच्या वेळी झाड माना टाकते, ते बुडवते. सीएची नोंदणीची फी ही थैलीची किंमत आहे. ओल किती दिवस पुरेल हे कुणी विचारत नाही.

तरी आधी थैलीचाच भाव पाहू. शेतकरी उत्पादक कंपनी हा प्रकार २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन आला. त्यामागे अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशी होत्या. सहकारात सरकारचा हात कोपरापर्यंत गेलेला. तेव्हा एक सभासद एक मत हे सहकाराचे तत्त्व ठेवावे आणि कारभाराला कंपनीची मोकळीक द्यावी, हा त्यातला विचार. त्या विचाराशी आमचे भांडण नाही. दहा उत्पादक शेतकरी एकत्र आले की अशी कंपनी होते. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला केंद्राची नोंदणी फी लागत नाही. नाव राखून ठेवायचे हजार रुपये, राज्याची मुद्रांक फी, पॅन आणि टॅन, संचालकांच्या डिजिटल सह्या, असा कागदाचा खर्च काही हजारांत बसतो. बाकीचा पैसा जातो सही करणाऱ्याला. कारण कंपनी स्थापताना सर्व नियम पाळले आहेत, असे वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरी यांपैकी कुणीतरी लिहून दिले पाहिजे, असे कायदाच सांगतो. नुसत्या दहा शेतकऱ्यांचा शब्द पुरत नाही. म्हणजे सीएकडे जाणे ही गावाची हौस नाही, सक्ती आहे.

चाळीस हजार म्हणजे किती? लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे पाच क्विंटल कापूस. बरे पीक आले तर कोरडवाहू एकराचा सगळा माल. संकरित ज्वारीच्या ३,६९९ च्या हमीभावाने धरले तर जवळपास अकरा क्विंटल ज्वारी. दहा जणांत वाटले तर माणशी अर्धा क्विंटल कापूस. एवढ्याने कुणी देशोधडीला लागत नाही.

मग भांडण कशाचे? आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावची हकीकत सांगतो. गावाचे नाव घेत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयातून एक तरुण लॅपटॉप घेऊन आला. देवळाच्या सभामंडपात बसला. आधार, पॅन, सातबारा, फोटो घेतले. प्रत्येकाच्या मोबाईलवर आकडे आले, ते त्याने विचारून घेतले. दोन तासांत काम झाले. पंधरवड्याने प्रमाणपत्र आले. ते चौकटीत बसवून अध्यक्षांच्या ओसरीवर लागले, नारळ फुटला. पाच संचालकांच्या डिजिटल सह्यांच्या किल्ल्या, म्हणजे ते बोटाएवढे पेन ड्राइव्ह, त्या कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये राहिले. "काम पडेल तेव्हा लागतील," असे सांगितले गेले आणि सगळ्यांना ते पटले.

पहिल्या खरिपात कंपनीने बियाणे आणि खत आणून सभासदांना दिले, बरेचसे उधारीवर. दुसऱ्या वर्षी उधारी वसूल झाली नाही आणि कंपनी गप्प बसली. गप्प बसलेल्या कंपनीलाही दरसाल हिशेबपत्रके आणि वार्षिक विवरण दाखल करावे लागते, हे कुणाला ठाऊक नव्हते. ते कार्यालय म्हणाले, वार्षिक काम पॅकेजमध्ये नव्हते. उशिराची फी प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, आणि तिला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्मचे दिवसाला दोनशे, वर्षाचे ७३ हजार. हमीभावाने नऊ क्विंटल कापूस, तोही काही न करण्याबद्दल! सलग तीन वर्षे कागद गेले नाहीत तर संचालकाची संचालकपदाची पात्रताच जाते, ते वेगळे.

अध्यक्ष प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आमच्याकडे आले. आम्ही घटनापत्रक उघडले. सगळे इंग्रजीत. उद्दिष्टांत मत्स्यपालन होते, रेशीम होते, मध होता. कापूस हा शब्द इतर पिकांच्या रांगेत एकदाच, शेवटी. दुसऱ्या कुठल्यातरी गावासाठी लिहिलेला मजकूर, नाव बदलून उतरवलेला. त्यात एका ठरावावर अध्यक्षांची डिजिटल सही होती आणि त्या ठरावाची सभा झाल्याचे त्यांना आठवत नव्हते. ते म्हणाले, "सही माझी आहे, पण मी केलेली नाही." आम्हाला यावर बोलायला सुचले नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा दिला, तेव्हा निदान त्यांचा अंगठा त्यांच्याबरोबर घरी परत येत होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि त्यांनी खातेवह्या व कर्जरोखे मागून घेऊन जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात कर्जदाराला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे, अशी तरतूद करावी लागली. दीडशे वर्षांनी आपण आपल्याच मालकीच्या कंपनीच्या वह्या चाळीस हजार रुपये देऊन दुसऱ्याच्या कपाटात ठेवतो आहोत.

आणि हे कायद्याने सांगितले म्हणून नाही. उत्पादक कंपनीच्या हिशेबाच्या वह्या कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयातच ठेवल्या पाहिजेत, असा कायदा आहे. नोंदणीकृत कार्यालय म्हणजे बहुतेक ठिकाणी अध्यक्षांचे घर किंवा गावातली एक खोली. जो सीए कंपनीचे वैधानिक ऑडिट करतो त्याने त्याच कंपनीच्या वह्या लिहायच्या नाहीत, असे कलम १४४ म्हणते. आपल्याकडे नोंदणी, वह्या आणि ऑडिट, तिन्ही एकाच टेबलावर. स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच तपासायचा. 'अनुदान आले तर इतके टक्के' अशी बोलीही चालते. आपले ऑडिट करणाऱ्याची फी अशा टक्केवारीवर बांधणे त्याच्या पेशाच्या नियमांतही बसत नाही. विचारून पाहा, चांगला सीए स्वतःच नको म्हणेल.

आता कायद्याच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ, कारण दोष सगळा ड्रॉवरवाल्यांचा नाही. मुंबईत दोन भाऊ मिळून खाजगी कंपनी काढतात. त्यांना दोन संचालक पुरतात, मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याची सक्ती नाही. अंतर्गत लेखापरीक्षण त्यांना लागू होते ते उलाढाल २०० कोटींची झाली किंवा बँकेचे कर्ज १०० कोटींच्या वर गेले तर. उत्पादक कंपनीला पहिल्या दिवसापासून किमान पाच संचालक. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवाच, आणि तो सभासदांपैकी असता कामा नये. म्हणजे गावातला शिकलेला पोरगा सभासद असेल तर त्याला ही खुर्ची नाही. अंतर्गत लेखापरीक्षणही हवेच, तेही सीएकडून. उलाढाल दोनशे कोटींची असो की दोन लाखांची. वैधानिक ऑडिट करणारा सीए अंतर्गत लेखापरीक्षण करू शकत नाही, म्हणून दुसरा सीए शोधा. दोनशे कोटींवाल्या शेठला जी शिस्त, ती पाच पोती खत विकणाऱ्या कंपनीला. ज्यांनी हे लिहिले त्यांच्या मनात दूध संघांसारख्या मोठ्या संस्था असाव्यात असे आम्हाला वाटते. दहा सातबारे घेऊन बसलेले गाव त्यांच्या डोळ्यांपुढे नक्कीच नव्हते.

यावर आमचेच काही मित्र म्हणतात की, हे नियम सभासदांच्या रक्षणासाठी आहेत, नाहीतर चार पुढारी कंपनी खाऊन टाकतील. भीती खरी आहे. सहकारी सूतगिरण्या आणि जिनिंगच्या इमारती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सर्वसाधारण सभेला एक चतुर्थांश सभासद हजर पाहिजेत, तीनशेची कंपनी असेल तर पंच्याहत्तर माणसे, या नियमाला आमची काडीची हरकत नाही. पण जो अहवाल कुणी वाचत नाही तो रक्षण कुणाचे करतो? दोन सीएंचे दोन इंग्रजी अहवाल एका फाईलमध्ये पडण्यापेक्षा एका सीएचा एक अहवाल मराठीत चावडीवर मोठ्याने वाचला गेला तर पुढाऱ्यांना जास्त धाक बसेल.

सरकारने स्वतः यावर काय केले? २९ फेब्रुवारी २०२० रोजी चित्रकूटला दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था काढण्याची योजना सुरू झाली, ६,८६५ कोटींची. त्यात एका संस्थेला चालवण्याच्या खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत ठेवले. आणि ही संस्था उभी करून देणाऱ्या, हात धरून चालवणाऱ्या सल्लागार संस्थेला त्याच एका शेतकरी संस्थेमागे पाच वर्षांत २५ लाखांपर्यंत. नवरीच्या शालूपेक्षा वाजंत्रीवाल्यांची बिदागी मोठी! यातल्या काही सल्लागार संस्था मनापासून काम करतात, हेही आम्ही पाहिले आहे. पण पैशाचा ओघ कुठे आहे हे आकडाच सांगतो.

त्या अठरा लाखांतली खाती पाहा. नोंदणीला एकदाच चाळीस हजारांपर्यंत. बाजारात चाळीसचा आकडा का फिरतो ते आता लक्षात आले असेल. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला महिना २५ हजारांपर्यंत, हिशेबनिसाला महिना १० हजारांपर्यंत, कार्यालयाचे भाडे वर्षाला ४८ हजार, वीज-टेलिफोन १२ हजार, प्रवास आणि बैठका १८ हजार, किरकोळ १२ हजार. वरच्या मर्यादा धरून बेरीज करा. नोंदणी आणि टेबल-खुर्च्या सोडून वर्षाचा खर्च ५ लाख १० हजार. तीन वर्षे सरकार देईल. चौथ्या वर्षी कोण देणार?

ओल संपण्याचा प्रश्न तो हाच. कंपनीने सभासदांचा कापूस गोळा करून विकला आणि वाहतूक, हमाली, तोलाई जाऊन क्विंटलमागे शंभर रुपये कंपनीकडे उरले असे धरा. कापसात शंभर उरणे सोपे नाही, तरी धरा. पाच लाख दहा हजार निघायला ५,१०० क्विंटल कापूस लागेल. तीनशे सभासदांत माणशी सतरा क्विंटल. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर प्रत्येक सभासदाने जवळपास चार एकरांचा सगळा कापूस कंपनीलाच घातला पाहिजे. दिवाळीला घरात रोकड नसते, खेडा खरेदीवाला अंगणात काटा लावून नोटा मोजतो, तेव्हा तो कापूस कंपनीकडे येतो का? कंपनी आठ दिवसांनी पैसे देणार असेल तर नाही येत. आम्ही कुणाला दोष देत नाही. पोराची फी आठ दिवस थांबत नाही. पण हे गणित नोंदणीच्या आधी सभामंडपात कुणी मांडल्याचे आम्हाला माहीत नाही. मांडले असते तर कुठे कंपनी निघाली नसती, कुठे जिनिंगवाल्याशी आधी करार होऊन मग निघाली असती. रुई आणि सरकी वेगळी विकता आली तर गणित बदलते, ते पुढच्या अंकात लिहू.

यात आमचाही कान आम्ही धरतो. सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही गावोगाव सांगत होतो की, नोंदणी करून टाका, पुढचे पुढे पाहू. जिल्हा बैठकीच्या फळ्यावर नोंदलेल्या कंपन्यांचा आकडा आम्हीच मोठ्या अक्षरात लिहीत होतो. किती कंपन्यांनी माल विकला हा रकाना त्या फळ्यावर नव्हता.

एका सीएची गोष्ट सांगायलाच हवी. तालुक्याच्या गावी त्यांचे छोटे कार्यालय आहे, बहुतेक काम किराणा दुकानदारांचे. अकरा शेतकरी त्यांच्याकडे कंपनी काढायला गेले. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "एक हंगाम नुसता गट म्हणून कापूस एकत्र विका. वही घाला. कुणी किती दिला, कितीला गेला, खर्च काय झाला, रोज लिहा. ती वही घेऊन पुढच्या वर्षी या." फी घेतली नाही. पुढच्या वर्षी ती मंडळी दोनशे पानी वही घेऊन गेली. अकरांपैकी सात जणांनी कापूस गटात घातला होता, चौघांनी बाहेर विकला होता. कुणाचा ओला निघाला, कुणी कवडी मिसळली, सगळे त्यात होते. सीएंनी वही चाळली आणि म्हणाले, आता तुम्हाला कंपनीत काय काय होणार ते कळले आहे. अशा माणसाला चाळीस काय, पन्नास हजार द्यावे. त्या गटाने कंपनी अजून काढलेली नाही. कापूस मात्र दरसाल एकत्र विकतो.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. ठरावीक उलाढालीपर्यंत उत्पादक कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षणाची आणि पूर्णवेळ बाहेरच्या अधिकाऱ्याची सक्ती नको. खाजगी कंपनीला जी मोकळीक आहे तेवढी तरी द्या. उशिराच्या फीला मर्यादा घाला. घटनापत्रकाचा नमुना सरकारने मराठीत, कापूस-ज्वारीवाल्यासाठी वेगळा आणि ऊसवाल्यासाठी वेगळा, असा तयार करून द्यावा. हे निवेदन मेळाव्यात मंजूर करून पाठवायचे आहे.

पण कायद्यात आज जे आहे तेही आपण वापरत नाही. नोंदणीच्या तारखेपासून नव्वद दिवसांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. नियमावली स्वीकारणे आणि संचालक नेमणे हे काम त्या सभेचे आहे, लॅपटॉपवाल्याचे नाही. आणि स्थापनेसाठी प्रवर्तकांनी केलेला खर्च, नोंदणी, वकिली फी, छपाई, सगळा कंपनीकडून परत मिळू शकतो, मात्र पहिल्या सर्वसाधारण सभेने मंजुरी दिली तरच. म्हणजे सीएला किती दिले हे अध्यक्षांनी बिल आणि पावतीसह सभेपुढे ठेवले पाहिजे आणि मागे बसलेल्या बाईलाही ते का दिले, असे विचारता आले पाहिजे. आम्ही हजर राहिलो त्या सभांत हा विषय पत्रिकेवर एकदाही नव्हता.

सीएशी बोलताना नोंदणीची फी आणि पुढच्या पाच वर्षांची फी एकाच कागदावर, सहीनिशी मागा. वह्या कोण लिहील, ऑडिट कोण करील, फॉर्म कोण भरील आणि चुकला तर उशिराची फी कुणाच्या खिशातून, हे त्यावर हवे. वह्या लिहायला गावातली बारावी झालेली मुलगी बसवा. तिला सहा महिन्यांत जमते, आम्ही पाहिले आहे. शेतीचा जमाखर्च ती घरी लिहीतच असते.

या वेळच्या जिल्हा मेळाव्यात दुपारचे सत्र फक्त यासाठी ठेवले आहे. ज्या गावांत कंपनी नोंदलेली आहे त्यांनी गेल्या वर्षीचा ऑडिट अहवाल, सीएच्या बिलाची पावती आणि पाचही संचालकांच्या सहीच्या किल्ल्या घेऊन यावे. किल्ल्या दुसरीकडे असतील तर मेळाव्याच्या आधी जाऊन परत आणाव्यात. त्या आपल्या नावाच्या आहेत, मागायला कारण सांगावे लागत नाही. अहवाल मराठीत वाचून दाखवायला दोन कार्यकर्ते बसतील. येण्याजाण्याचे एसटीचे भाडे संघटनेच्या खात्यातून मिळेल. तिकीट जपून ठेवा, हिशेबाला लागेल.